स्प्रिंग वापरूनही आमच्या जावा प्रकल्पातील गुंता वाढत चालला आहे. डिपेंडन्सी इंजेक्शन फ्रेमवर्क नेमके कसे वापरावे?

तुम्ही लिहिले आहे की कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणारे तुमचे अ‍ॅप्लिकेशन स्प्रिंग बूटवर चालते, जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये फील्डवर ऑटोवायर्ड (हा ऑब्जेक्ट स्प्रिंगने आणून द्यावा, अशी खूण) लिहिलेले आहे, काही सर्व्हिस क्लासमध्ये अशी बारा-पंधरा फील्ड आहेत आणि एक साधी टेस्ट चालवायची तरी संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट, म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या सर्व ऑब्जेक्टचा संच, उभा करावा लागतो. फ्रेमवर्क चुकीचे निवडले का, आणि त्याऐवजी ग्वीस किंवा डॅगर हे दुसरे फ्रेमवर्क घ्यावे का, असे तुम्ही विचारता. माझ्या मते फ्रेमवर्क योग्य आहे, परंतु जे काम त्याचे नाही ते त्याच्यावर सोपवले गेले आहे. ऑब्जेक्ट तयार करणे, ते एकमेकांना जोडणे आणि त्यांचे आयुष्य सांभाळणे एवढे त्याचे काम असते. कोणत्या क्लासने कोणावर अवलंबून राहावे हे तुम्हालाच ठरवावे लागते, आणि ते न ठरवता राहिले तर फ्रेमवर्क कितीही वेडीवाकडी जोडणी निमूटपणे करून देते.

डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे रूढ झाले आणि स्प्रिंगची १.० आवृत्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली, त्यामुळे ही दोन्ही एकच आहेत असा समज पुष्कळांचा असतो. मूळ कल्पना फ्रेमवर्कशिवायही पूर्ण आहे: क्लासने आपल्याला लागणारे ऑब्जेक्ट स्वतः बनवू नयेत किंवा शोधू नयेत, ते त्याला बाहेरून मिळावेत. त्यासाठी पॅरामीटर घेणारा कन्स्ट्रक्टर पुरतो. म्हणून एखाद्या प्रकल्पाची रचना तपासताना मी स्प्रिंग काही वेळ बाजूला ठेवतो आणि एकाच कामाची, उदाहरणार्थ हप्ता जमा करण्याची, सगळी जोडणी मेन मेथडमध्ये हाताने लिहून पाहतो. कर्जाचे रिपॉझिटरी (डेटाबेसमधील माहिती आणणारा-ठेवणारा क्लास), व्याज काढणारा क्लास, पावती तयार करणारा क्लास, एसएमएस पाठवणारा क्लास आणि घड्याळ एवढे दिले की हप्त्याची सर्व्हिस उभी राहायला हवी. त्याऐवजी चौदा पॅरामीटर लिहावे लागले, तर तो क्लास हप्त्यांबरोबर थकबाकी, अहवाल आणि खातेदाराची माहिती हेही सांभाळतो आहे, असे बहुतेक वेळा निघते.

फील्डवरचे ऑटोवायर्ड मला अयोग्य वाटते ते याच कारणासाठी. पंधरावी डिपेंडन्सी जोडायला तिथे एक ओळ पुरते आणि ती जोडताना कोणालाच काही खटकत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये तीच गोष्ट लांबलचक यादी होऊन समोर उभी राहते. शिवाय असे फील्ड फायनल करता येत नाही, आणि टेस्टमध्ये कोणी न्यू लिहून ऑब्जेक्ट बनवला तर तो अर्धवट अवस्थेत तयार होतो व पुढे कुठेतरी नल पॉइंटर एक्सेप्शन देतो. स्प्रिंग ४.३ पासून, म्हणजे २०१६ पासून, क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ऑटोवायर्ड लिहिण्याचीही गरज राहिलेली नाही. लॉम्बॉक या कोड आपोआप तयार करणाऱ्या लायब्ररीकडून कन्स्ट्रक्टर तयार करून घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की यादीची लांबी पुन्हा नजरेआड होते. मोठ्या सर्व्हिस क्लासमध्ये तरी मी तो हातानेच लिहितो.

टेस्टची तक्रारही यातूनच सुटते. कन्स्ट्रक्टर असला की टेस्टमध्ये न्यू लिहून खोटे रिपॉझिटरी आणि खोटा एसएमएस क्लास देता येतो, स्प्रिंग सुरूच करावे लागत नाही. घड्याळ मी वर मुद्दाम यादीत घेतले. आजची तारीख थेट कोडमध्ये मागितली, तर ३१ जानेवारीनंतरचा हप्ता लीप वर्षात २९ फेब्रुवारीला पडतो की नाही हे तपासायला तुम्हाला त्या तारखेची वाट पाहावी लागेल. जावा ८ पासून जावा टाइम पॅकेजमध्ये असलेला क्लॉक हा क्लास कन्स्ट्रक्टरमधून घ्या आणि टेस्टमध्ये त्याला ठरावीक क्षणावर थांबवा.

कन्स्ट्रक्टरकडे वळल्यावर काही ठिकाणी अ‍ॅप्लिकेशन सुरूच होणार नाही, कारण दोन क्लास एकमेकांवर अवलंबून असल्याचे उघड होईल. स्प्रिंग बूट २.६ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, अशी वर्तुळे मुळातच नाकारली जातात. फील्डवरचे इंजेक्शन ठेवून एक सेटिंग बदलली, किंवा लेझी (ऑब्जेक्ट लागेल तेव्हाच तयार कर, अशी खूण) लिहिले, तर ती पुन्हा चालू होतात, पण तसे करू नका. समजा कर्जाची सर्व्हिस सूचना पाठवणाऱ्या सर्व्हिसला बोलावते आणि ती शिल्लक रक्कम विचारायला पुन्हा कर्जाच्या सर्व्हिसकडे येते. इथे शिल्लक रक्कम सूचनेबरोबरच पाठवली की परतीची वाट लागतच नाही. जिथे इतके सरळ उत्तर निघत नाही, तिथे दोघांना लागणारा भाग तिसऱ्या क्लासमध्ये काढावा किंवा स्प्रिंगचा इव्हेंट (एका क्लासने जाहीर केलेली घटना, जी दुसरा क्लास ऐकतो) वापरावा.

जोडणी कुठे लिहावी याबद्दल माझा आग्रह असा की व्याज, हप्ते आणि दंड यांचे नियम ज्या पॅकेजमध्ये आहेत तिथे स्प्रिंगचे एकही इम्पोर्ट नसावे. त्या क्लासचे बीन (स्प्रिंग सांभाळते ते ऑब्जेक्ट) वेगळ्या कॉन्फिगरेशन क्लासमध्ये स्पष्टपणे तयार करावेत. कंट्रोलर आणि रिपॉझिटरी यांच्यासाठी कॉम्पोनन्ट स्कॅन, म्हणजे खूण केलेले क्लास स्प्रिंगने आपोआप शोधणे, चालतो. प्रत्येक क्लाससाठी इंटरफेस बनवण्याची प्रथाही सोडून द्या. एसएमएस किंवा पेमेंट गेटवेसारखी बाहेरची सेवा जिथे येते, किंवा खरोखर दोन अंमलबजावण्या आहेत, तिथेच तो उपयोगी पडतो.

फ्रेमवर्कची खरी किंमत आणि खरा धोका दोन्ही ऑब्जेक्टच्या आयुष्याशी निगडित आहेत, आणि हा भाग टीममधील प्रत्येकाला नीट माहीत असायला हवा. स्प्रिंगचे बीन मुळात सिंगलटन असते, म्हणजे एकच ऑब्जेक्ट सर्व थ्रेड वापरतात. त्याच्या फील्डमध्ये चालू खातेदाराचा क्रमांक ठेवला तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या पावतीवर जाऊ शकते, आणि हा दोष एकट्याने तपासताना दिसत नाही, गर्दीच्या वेळीच दिसतो. प्रोटोटाइप स्कोपचे, म्हणजे मागितल्यावर दर वेळी नवे तयार होणारे, बीन सिंगलटनमध्ये इंजेक्ट केले तर तेही एकदाच तयार होते. दर वेळी नवे हवे असेल तर ऑब्जेक्ट प्रोव्हायडर घेऊन त्याच्याकडे मागावे लागते. मेथड ट्रान्झॅक्शनमध्ये चालावी असे सांगणाऱ्या ट्रान्झॅक्शनल या खुणेचेही असेच आहे. नेहमीच्या पद्धतीत स्प्रिंग तुमच्या बीनभोवती एक प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ ऑब्जेक्ट, बसवते आणि ट्रान्झॅक्शन ती प्रॉक्सी सुरू करते, त्यामुळे क्लासने स्वतःचीच ट्रान्झॅक्शनल मेथड आतून बोलावली तर प्रॉक्सी मध्ये येत नाही आणि त्या मेथडसाठी मागितलेले ट्रान्झॅक्शन सुरू होत नाही. पैशांच्या व्यवहारात हे माहीत नसणे परवडणारे नाही.

डॅगर २ जोडणीचा कोड कम्पाइल होतानाच तयार करते, म्हणून राहून गेलेली डिपेंडन्सी तिथेच कळते आणि अ‍ॅप सुरू होताना रिफ्लेक्शनचा (प्रोग्राम चालू असताना क्लासची रचना तपासण्याचा) भार पडत नाही. अँड्रॉइडवर ते आणि त्यावर उभे असलेले हिल्ट लोकप्रिय आहे ते याचमुळे. ग्वीस हलके आहे. पण चौदा डिपेंडन्सी असलेला क्लास डॅगरमध्ये नेला तरी चौदा डिपेंडन्सींचाच राहील, आणि सर्व्हरवर ट्रान्झॅक्शन, सिक्युरिटी व वेब हे सगळे स्प्रिंगकडून मिळत असताना केवळ जोडणीसाठी स्थलांतर करण्याचा खर्च मला पटत नाही.

एवढा कोड एकदम बदलायला जाऊ नका. ज्या सर्व्हिस क्लासमध्ये सर्वाधिक वेळा बदल होतात त्यापासून सुरुवात करा: आधी फील्डऐवजी कन्स्ट्रक्टर आणा, मग यादीतील एकत्र वापरली जाणारी फील्ड ओळखून त्यांचा वेगळा क्लास काढा. सोबत कोडच्या रचनेचे नियम तपासणारी आर्चयुनिट ही लायब्ररी जोडा. फील्ड इंजेक्शन नको हा नियम तिच्यात तयारच मिळतो, आणि नियम फ्रीझ केला की आजची उल्लंघने नोंदवली जाऊन नवीन भर पडली तरच बिल्ड अडतो.