जुनी पोलो जीटी टीएसआय घेताय? आधी गिअरबॉक्स तपासा

१.२ टीएसआय इंजिनची पोलो जीटी रोज चालवायला झकास गाडी, पण खिसा कापते ती ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडलेले नसतात, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रांगताना तापतात आणि झिजतात. अर्धा तास गर्दीत चालवा, मग चढावर ब्रेक सोडून हळूहळू पुढे न्या. गाडी थरथरली किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देऊ लागली, तर क्लच संपत आले असावेत. रिव्हर्स पडायला उशीर किंवा डिस्प्लेवर गिअरची खूण लुकलुकणं म्हणजे मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचा संशय. गाडीला स्कॅनर जोडून दोष वाचायचे तर ते फेरफटक्यानंतरच करा. विकणारा आधीच फॉल्ट कोड (नोंदलेले दोष) पुसून ठेवू शकतो, पण गाडी चालवल्यावर ते पुन्हा उमटू शकतात. सर्व्हिसची बिलं नसतील, तर क्लचचा खर्च किमतीतून सरळ वजा करून बोली लावा. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, तेही बघा.