हाक मारणारे कोण, ते चित्रात पाहावे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

मराठी चित्रपुस्तकाच्या कोरियन अनुवादाचा तुझा पहिला खर्डा मी दोनदा मोठ्याने वाचला. व्याकरण चोख आहे; मला लिहायचे आहे ते चित्राविषयी आणि कानाविषयी.

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते. माझ्याकडे नुसता मजकूर आला होता आणि त्यात ‘दादा, थांब!’ अशी हाक होती. मी ‘ह्यॉंग’ लिहिले. पुढे चित्रे आली, तेव्हा हाक मारणारी दोन वेण्यांची मुलगी निघाली. कोरियनमध्ये थोरल्या भावाला मुलगा ‘ह्यॉंग’ म्हणतो, मुलगी ‘ओप्पा’ म्हणते. थोरल्या बहिणीला मुलगा ‘नूना’ आणि मुलगी ‘ऑन्नी’. आपल्या ‘दादा’ आणि ‘ताई’ या शब्दांतून हाक मारणाऱ्याचा पत्ता लागत नाही, तो चित्रातच शोधावा लागतो. उलट ‘मी पडले’ म्हटले की मराठीत मुलगी लगेच कळते. कोरियन क्रियापदाला लिंग नाही, तरीही तिथे जादा शब्द घालू नकोस, कारण ती मुलगी चित्रात आहेच. तुझ्या खर्ड्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी सर्वनामे फार आली आहेत. मुलांशी बोलताना कोरियन माणूस ती सहसा वापरत नाही. गोष्टीतल्या उंदराला उंदीरच म्हणावे, किंवा कर्ता गाळावा.

दुसरी गोष्ट वाक्याच्या शेवटाची. आपल्या ‘गेला’साठी तू एका पानावर ‘कात्ता’ आणि पुढच्या पानावर ‘कास्सॉयो’ लिहिले आहेस. पहिल्यात लिखित निवेदनाचा कोरडेपणा आहे, तर दुसऱ्यात समोर बसलेल्या मुलाशी आदराने, मायेने बोलणारा आवाज आहे. दोन्ही रीतींची चित्रपुस्तके कोरियात निघतात, परंतु एका गोष्टीचा निवेदक मध्येच मुलापासून दूर सरकला, तर ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवते. क्रियापद शेवटी येणे ही मात्र दोन्ही भाषांची समान रीत आहे, त्यामुळे पान उलटेपर्यंत राखलेली उत्सुकता तुला बहुधा तशीच नेता येईल.

आता ध्वनीकडे येते, कारण मला सर्वांत जास्त आनंद तिथेच मिळतो. तळ्यात खडा पडतो तिथे तू ‘फुंगदॉंग’ लिहिले आहेस. कोरियन मुलाच्या कानाला तिथे मोठा धोंडा पडेल. खड्यासाठी ‘फोंगदांग’ हवे. ‘आ’ आणि ‘ओ’ हे स्वर लहान, हलक्या, उजळ गोष्टींचे, तर ‘ऑ’ आणि ‘उ’ मोठ्या, जड, गडद गोष्टींचे. म्हणून चांदणी ‘बानच्चाक’ लुकलुकते आणि वीज ‘बॉनच्चॉक’ चमकते. मराठीत ‘डुबुक’ सोडून ‘धबाक’ म्हणताना आपण शब्दच बदलतो, कोरियनमध्ये बहुतेकदा स्वर बदलला की काम भागते. व्यंजनांचेही तसेच आहे: ‘बिंगबिंग’ फिरणारी वस्तू ‘प्पिंगप्पिंग’ किंवा ‘फिंगफिंग’ फिरू लागली, की तिचा जोर वाढलेला असतो. हा फरक कोशातून पुरता उमगत नाही, म्हणून कोरियन मातृभाषा असलेल्या एखाद्या आईला किंवा आजीला खर्डा वाचायला दे, आणि ती कुठे अडखळते तेवढे टिपून ठेव.

दुसरा खर्डा होईपर्यंत पेक ही-ना या कोरियन चित्रपुस्तककार लेखिकेची पुस्तके मूळ कोरियनमध्ये मोठ्याने वाच; त्यांना 2020 साली बालसाहित्यासाठीचा आस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला आहे.

दुसरा खर्डा पाठवताना प्रत्येक पानाचे चित्र सोबत जोड.

तुझी,
बाई