सरांचा पाय कुठंय ते आधी बघा

(वाचक विचारतात. या वेळी ड्रायव्हिंग टेस्टचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे पुढच्या अंकात ढकललेत.)

प्रश्न : मी 52 वर्षांची आहे, कोथरूडला राहते. आधी लुना मग अ‍ॅक्टिव्हा, असं मिळून तीसेक वर्षं गाडी चालवतेय. आता मुलगा बंगळुरूला गेला आणि कार नुसती सोसायटीत धूळ खातेय म्हणून क्लास लावला. क्लासमध्ये सर म्हणायचे मॅडम तुम्ही एकदम मस्त चालवता, कर्वे रोडला पण नेलं मला. आणि टेस्टला चढावर गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सरळ मागे आली, फेल. घरी कोणाला सांगितलं नाहीये अजून. आता परत कधी देता येईल आणि मला जमेल का हे?

उत्तर : जमेल हो ताई. आधी एक सांगा, तुम्ही कर्वे रोडला मस्त चालवत होतात तेव्हा सरांचे पाय कुठे होते? क्लासच्या गाडीत डाव्या सीटच्या पुढे, सरांच्या पायाशी पण क्लच ब्रेक असतो, आणि बरेच सर सवयीने तुमच्या आधीच तो हलकासा दाबून ठेवतात, त्यांची पण चूक नाही, त्यांना दिवसभर दहा नवशिक्यांसोबत जिवंत राहायचं असतं. पण होतं काय की तुम्हाला वाटतं क्लच मी सोडला आणि गाडी झकास निघाली, तर निम्मा क्लच सरांनी सोडलेला असतो. टेस्टला पाय तुमचे एकटीचेच, म्हणून तिथे बंद पडली. माझं पण असंच झालेलं, फक्त मी घरी सांगितलं आणि सासऱ्यांनी ते अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

तर आता दोन तास जादा घ्या आणि सरांना सरळ म्हणा, सर पाय मागे घ्या. लाजायचं नाही, पैसे आपण भरलेत. आणि त्या दोन तासांत ट्रॅफिक नको, रिकामं मैदान नाहीतर सकाळी सहाचा मोकळा रस्ता बघा. पहिला अर्धा तास अ‍ॅक्सिलरेटरला हातच लावायचा नाही, म्हणजे पाय हो, फक्त क्लच हळू हळू सोडून गाडी मुंगीसारखी चालवायची, थांबवायची, परत चालवायची. क्लच एका जागी आल्यावर इंजिनचा आवाज जड होतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, ती जागा पायाला पाठ झाली पाहिजे. टेस्टच्या ट्रॅकवरचा 8 चा आकार पण तसाच काढायचा, फर्स्टमध्ये, रेस न देता. लोक रेस देतात, मग स्टिअरिंग पुरत नाही आणि गाडी खांबाला जाऊन टेकते. H आकाराच्या ट्रॅकमध्ये रिव्हर्स घेताना पण तेच, घाई करायची नाही, आरशात बघा आणि मान वळवून पण बघा.

चढासाठी हँडब्रेक वापरा की! थांबलात की हँडब्रेक ओढा, फर्स्ट टाका, थोडी रेस द्या, क्लच त्या जागेपर्यंत आणा, गाडी पुढे ओढायला लागली की मगच हँडब्रेक खाली. प्रॅक्टिसला घाटात जायची गरज नाही, सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प असतो ना, तो दुपारी दोनला रिकामा असतो, फक्त शेजारी लायसन्सवालं माणूस बसवा आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा.

आणि हो, सीट. उंची कमी असेल तर आधी सीट पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. निम्म्या बायका (आणि पुरुष, ते फक्त कबूल करत नाहीत) क्लच बोटांच्या टोकाने दाबत असतात.

फेल झाल्यावर 7 दिवसांनी परत देता येते. तीनदा फेल झालात तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं, आणि लर्निंग लायसन्स 6 महिन्यांचंच असतं, तेवढी तारीख बघून ठेवा. घरी सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : 18 पूर्ण झाली, लर्निंग काढायचंय. बाबा म्हणतात एजंटला दे. खरंच लागतो का?

उत्तर : नाही रे. सरकारच्या सारथी पोर्टलवर आधार टाकून अर्ज कर, परीक्षा घरबसल्या होते, 15 प्रश्न, 9 बरोबर आले की पास. कॅमेरा चालू असतो त्यामुळे मागून आई उत्तर सांगतेय असलं काही चालणार नाही. चिन्हं पाठ करत बसण्यापेक्षा आकार लक्षात ठेव : गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, चौकोन म्हणजे माहिती. स्टॉपचा अष्टकोन आणि गिव्ह वेचा उलटा त्रिकोण हे दोन वेगळे. पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंगनंतर 30 दिवसांनी. तोवर पुढे मागे पांढऱ्यावर लाल L लाव, आणि कारमध्ये शेजारी लायसन्सवालं माणूस हवंच, मित्राला नसेल तर मित्र चालत नाही. पुण्यात कारची टेस्ट भोसरीला आहे, नाशिक फाट्याजवळ, आयडीटीआर या ड्रायव्हिंग ट्रेनिंग संस्थेच्या ट्रॅकवर. अपॉइंटमेंटच्या कागदावर जागा असते ती नीट वाच.

प्रश्न : आई 45 ची आहे, ऑटोमॅटिक कारवर टेस्ट दिली तर लायसन्स वेगळं मिळतं का?

उत्तर : कारला वेगळं नसतं, एकच. गिअर आणि विदाउट गिअर हा फरक टू व्हीलरला असतो. आईंना वय 40 च्या पुढे असल्याने डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, फॉर्म 1-ए. आणि गाडी एएमटी (साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर मशीन बदलतं ती ऑटोमॅटिक) असेल तर हिल होल्ड आहे का बघून घ्या, नसेल तर चढावर ब्रेक सोडला की ती पण मागे येते, तेव्हा वरच्या ताईंचा हँडब्रेक त्यांना पण शिकवा.