पहिलं प्रेझेंटेशन? स्लाइड नंतर, आधी विषय छाट

वेळ दहा मिनिटं आणि विषय ‘सोलापूरचा स्वातंत्र्यलढा’? अरे, यात अख्खं सत्र जाईल! मे १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे शहरावरचा लष्करी अंमल, एवढंच घे आणि एकच प्रश्न धर: गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर इतकं का पेटलं? मग गिरण्या, कामगार, संप हे सगळं त्या प्रश्नाभोवती येतं. १२ जानेवारी १९३१ ची चार हुतात्म्यांची फाशी शेवटी ठेव. त्यांचे सोलापुरातले पुतळे वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलेत, त्यामागचं ‘का’ फार थोड्यांना माहीत असतं.

नवखी मुलं हमखास चुकतात ते इथे:

- पुस्तकातला उतारा स्लाइडवर चिकटवून पाठमोरं वाचणं. स्लाइडवर एक मुद्दा, हवं तर एक जुना फोटो. बाकी तू बोल.
- मनातल्या मनात सराव. मोबाइलवर वेळ लावून मोठ्यांदा बोल. आठ मिनिटांत संपलं पाहिजे, वर्गात दोन मिनिटं इकडेतिकडे जातातच.
- मराठी फाँट. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर अक्षरांचे चौकोन होतात. युनिकोडमध्येच टाइप कर, पेनड्राइव्हवर पीडीएफही ठेव.

सुरुवातीची दोन वाक्यं मात्र पाठच कर, घशाला कोरड तिथेच पडते. सरांनी अडवलं आणि उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगतो सर’ म्हण, थापा मारू नकोस. त्या लगेच कळतात. अॅनिमेशनच्या नादाला सध्या लागूच नकोस.