गोव्यातून क्रिकेटकडे वळणाऱ्या मुलीस

बाय, भात कापणीनंतर मळ्यात भावांसोबत टेनिस चेंडूवर खेळून तुझा हात तयार झाला आहे, हे चांगलेच. मात्र निवड चाचणी लेदर चेंडूवर होते, म्हणून त्याची सवय आतापासूनच कर. महिलांच्या सामन्यातील चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूहून हलका असतो, त्यामुळे मुलांच्या जड चेंडूने गोलंदाजीचा सराव करताना खांदा जपावा.

जूनपासून चार महिने आपल्याकडे मैदान मिळत नाही. मी ते दिवस फुकट घालवले, याची खंत अजून आहे. तू धावणे, झेल आणि पायांच्या व्यायामात ते घालव.

शिक्षण मात्र सोडू नकोस. शिखा पांडे यांनी फर्मागुडीच्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली, हवाई दलात अधिकारी झाल्या आणि २०१४ मध्ये भारताकडून खेळल्या. २०२२ पासून भारतीय महिलांना पुरुषांइतकेच, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख रुपये मानधन मिळते, हे खरे. पण तिथवर पोहोचणाऱ्या मोजक्याच असतात. जन्मदाखल्याची प्रत मात्र आजच काढून ठेव, वयोगटाच्या नोंदणीत बहुतेकींची धावपळ तिथेच होते.