वाचकांचे प्रश्न : शांतिसेनेची मुदत कोण वाढवते आणि कशी?

लेबनॉनमधील शांतिसेनेला मिळालेल्या अखेरच्या मुदतवाढीविषयी या सदरात एक छोटे टिपण दिले होते. त्यावर नाशिक शहर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. देवळालीच्या तोफखान्यामुळे इथल्या अनेक कुटुंबांचे सैन्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे आणि पत्रांतून ते जाणवत होते. त्यांतील चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : माझे जावई सैन्यात आहेत. त्यांची तुकडी मध्यंतरी लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होती. दरवर्षी ऑगस्ट संपत आला की ‘मुदत वाढली’ अशी बातमी येई आणि आम्ही निर्धास्त होत असू. जे काम इतकी वर्षे चालले, त्याची परवानगी दरवर्षी नव्याने का घ्यावी लागते? आणि तीच परवानगी एकाएकी ‘शेवटची’ कशी ठरते?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : आधी एका शब्दाचा उलगडा करतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. ‘मँडेट’साठी आपल्याकडे सर्रास ‘जनादेश’ लिहिले जाते. पण जनादेश मतदार देतात. शांतिसेनेला आदेश मिळतो तो पंधरा सदस्यांच्या सुरक्षा परिषदेकडून, म्हणून त्याला ‘कार्यादेश’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. महापालिकेच्या ठेकेदाराला कार्यादेश मिळतो, तेव्हा त्यात काम कोणते, ते कुठे करायचे आणि किती दिवसांत करायचे हे लिहिलेले असते आणि त्यापलीकडचे काम त्याला करता येत नाही. शांतिसेनेचेही तसेच आहे. फरक एवढाच की पैशाचा आकडा या आदेशात नसतो. तो आमसभेची पाचवी समिती वेगळा ठरवते आणि त्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते.

लेबनॉनमधील सेनेच्या नावातच ‘अंतरिम’ हा शब्द आहे. मार्च १९७८ मध्ये इस्रायलचे सैन्य दक्षिण लेबनॉनमध्ये शिरल्यानंतर परिषदेने ४२५ आणि ४२६ या क्रमांकांचे ठराव करून ही सेना उभी केली आणि तिला पहिली मुदत दिली ती अवघ्या सहा महिन्यांची. पुढे २००६ च्या युद्धानंतर ठराव १७०१ अन्वये तिची कमाल संख्या १५,००० पर्यंत वाढवण्यात आली आणि इस्रायल-लेबनॉनमधील सुमारे १२० किलोमीटरच्या ‘निळ्या रेषे’वर लक्ष ठेवण्याबरोबरच लेबनॉनच्या सैन्याला दक्षिणेत पाय रोवण्यास मदत करण्याचे काम तिच्याकडे आले. भारताची तुकडी १९९८ पासून तिथे आहे. या सेनेतील तीनशेहून अधिक जवान आणि कर्मचारी आजवर मृत्युमुखी पडले असून संयुक्त राष्ट्रांच्या अन्य कोणत्याही शांतिसेनेने एवढी माणसे गमावलेली नाहीत.

मुदत ठेवण्यामागचा मूळ विचार चांगला होता. परदेशी सैन्य कुणाच्याही भूमीवर कायमचे राहू नये, त्याच्या उपयोगाचा ठरावीक काळाने हिशेब व्हावा आणि यजमान देशाची संमती टिकून आहे की नाही हे तपासले जावे, असा तो विचार होता. त्यासाठी सरचिटणीस अहवाल देतात, यजमान देश पत्र लिहून आपली इच्छा कळवतो आणि एक सदस्य देश ठरावाचा मसुदा लिहितो. लेबनॉनच्या बाबतीत हे काम फ्रान्सकडे असते. शब्दाशब्दावर घासाघीस होऊन मसुदा अंतिम झाला की तो ‘निळ्या शाईत’ आला असे म्हणतात. मग मतदान होते. मंजुरीसाठी नऊ मते लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही विरोध चालत नाही. तटस्थ राहणे मात्र विरोध धरले जात नाही.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. मुदतवाढीच्या ठरावात केवळ तारीख बदलते असे आपल्याला वाटते, पण दरवर्षी त्या निमित्ताने सेनेचा आकार आणि अधिकारही पुन्हा मांडले जातात. २०२० मध्ये लेबनॉनमधील कमाल संख्या १५,००० वरून १३,००० वर आणली गेली. २०२२ च्या ठरावात, या सेनेला आपले काम करताना पूर्वपरवानगी लागत नाही असे वाक्य घातले गेले आणि ते लेबनॉनला रुचले नाही. ज्या देशाला सेना नको असते किंवा वेगळी हवी असते, त्याला वर्षातून एकदा आयतीच संधी मिळते. २०२५ मध्ये अमेरिका आणि इस्रायल यांना ही सेना गुंडाळायची होती, तर लेबनॉन आणि फ्रान्स यांना ती हवी होती. २८ ऑगस्ट २०२५ रोजी एकमताने संमत झालेला ठराव २७९० ही त्यातून निघालेली तडजोड होती. त्यानुसार ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, म्हणजे सोळा महिन्यांची अखेरची मुदत मिळाली आणि त्यानंतर वर्षभरात सेना माघारी नेण्याचे ठरले.

या निर्णयाविषयीचे माझे मत मी लपवणार नाही. इस्रायल आणि लेबनॉनमधील सशस्त्र संघटना हिजबुल्ला यांच्यातील नोव्हेंबर २०२४ च्या शस्त्रसंधीनंतर लेबनॉनचे सैन्य दक्षिणेत परत येऊ लागले होते हे खरे. पण ठराव झाला त्या दिवशीही इस्रायली सैन्य लेबनॉनच्या हद्दीत पाच ठिकाणी ठाण मांडून होते. अशा वेळी ‘अमुक काम पूर्ण झाल्यावर सेना परतेल’ असे न म्हणता ‘अमुक तारखेला परतेल’ असे लिहिणे मला धोक्याचे वाटते. तारीख एकदा जाहीर झाली की शस्त्रे बाळगणारा प्रत्येक गट तिची वाट पाहू शकतो आणि निळ्या टोपीतील जवानाचा गावातला शब्द त्या दिवसापासूनच हलका होतो. आपले जावई जिथे गस्त घालत असतील, तिथल्या शेतकऱ्याला हा फरक न्यूयॉर्कमधल्या मुत्सद्द्यांच्या आधी कळला असेल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मुदत वाढली नाही, किंवा यजमान देशानेच ‘निघा’ म्हटले, तर सैनिक त्याच दिवशी परततात का?
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : कायद्याने काम त्या दिवशी थांबते, माणसे आणि सामान मात्र एका दिवसात हलत नाही. मालीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने शांतिसेनेने विनाविलंब निघून जावे अशी मागणी केली आणि दोन आठवड्यांत, ३० जून रोजी, परिषदेने ठराव २६९० करून सेना बंद केली. १३,००० च्या आसपास गणवेशधारी माणसे, वाळवंटातले तळ, वाहने, इंधन हे सारे ३१ डिसेंबरपर्यंत आवरायचे होते. उत्तरेकडील किदाल येथील तळ ठरल्याहून लवकर, ऑक्टोबरच्या अखेरीस सोडावा लागला. तिथून गाओकडे निघालेल्या ताफ्याखाली वाटेत सुरुंग फुटले आणि शांतिसैनिक जखमी झाले.

याहून जुने आणि भारतीयांसाठी अधिक वेदनादायी उदाहरण १९६७ चे आहे. सुएझ संकटानंतर १९५६ मध्ये उभी राहिलेली आपत्कालीन सेना इजिप्तच्या भूमीवर आणि गाझात होती आणि तिचे नेतृत्व त्या वेळी मेजर जनरल इंदरजित रिखी या भारतीय अधिकाऱ्याकडे होते. मे महिन्यात इजिप्तने संमती काढून घेतली, सरचिटणीस उ थांट यांनी ती मागणी मान्य केली आणि माघार पूर्ण होण्याआधीच ५ जूनला युद्ध पेटले. गाझात अडकलेले भारतीय जवान त्यात मारले गेले. संमती गेली की सेना राहू शकत नाही हा नियम आपण पाठ करालच; परंतु माघारीचे दिवस हेच बहुधा सर्वांत असुरक्षित असतात, हेही उत्तरपत्रिकेत अवश्य लिहावे.

नकाराधिकाराने मुदत संपल्याचीही उदाहरणे आहेत. फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनने मॅसिडोनियातील प्रतिबंधक सेनेची मुदतवाढ रोखली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच मॅसिडोनियाने तैवानशी राजनैतिक संबंध जोडले होते. जून २००९ मध्ये रशियाने जॉर्जियातील निरीक्षक पथकाची मुदतवाढ अडवली. २००२ मध्ये अमेरिकेने बोस्नियातील कार्याच्या मुदतवाढीविरुद्ध नकाराधिकार वापरला. तिचा आक्षेप बोस्नियावर नव्हता, तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर होता, आणि आपल्या सैनिकांना त्यातून सूट मिळाल्यावर तिने वाट मोकळी केली.

काँगोत वेगळे घडले. सरकारच्याच विनंतीवरून टप्प्याटप्प्याने माघार ठरली आणि जून २०२४ अखेर दक्षिण किवू प्रांत सोडण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने उत्तर किवूतील गोमा शहर घेतले आणि फेब्रुवारीत दक्षिण किवूचे मुख्य शहर बुकावू. माघारीमुळेच हे घडले असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण गोमाच्या परिसरात सेना असूनही गोमा पडलेच.

प्रश्न : काश्मीरमधील संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांच्या मुदतवाढीची बातमी कधीच का येत नाही?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : कारण त्यांना मुदतच नाही. भारत-पाकिस्तानमधील हा लष्करी निरीक्षक गट १९४९ पासून आहे आणि १९४८ पासून पश्चिम आशियात असलेल्या निरीक्षक संघटनेप्रमाणेच त्याचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून होतो. १९७२ च्या सिमला करारानंतर या गटाचे प्रयोजन उरले नाही अशी भारताची भूमिका आहे. परंतु परिषदेने स्वतंत्र निर्णय घेतल्याखेरीज तो बंद होत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला गोलन टेकड्यांवरील सेना आहे. तिची मुदत १९७४ पासून दर सहा महिन्यांनी वाढवली जाते.

प्रश्न : शांतिसेनेसाठी सर्वाधिक प्राण भारतीयांनी दिले. मग मुदतवाढीचा ठराव लिहिताना भारताला कुणी विचारते का?
— एक माजी सैनिक, देवळाली कॅम्प

उत्तर : विचारतात, पण उशिरा. भारताने आजवर सुमारे ५० शांतता कार्यांत २,९०,००० पेक्षा अधिक माणसे पाठवली आणि त्यांतील सुमारे १८० जणांनी प्राण दिले. १९६१ मध्ये काँगोत धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांचे परमवीरचक्र आपल्याला ठाऊकच आहे. मसुदे मात्र लिहितात इतर देश : लेबनॉन आणि काँगोचा फ्रान्स, सायप्रसचा ब्रिटन, दक्षिण सुदानचा अमेरिका. यांपैकी एकाही देशाची त्या त्या ठिकाणी पाठवलेल्या सैनिकांच्या संख्येत भारताशी बरोबरी नाही, असे आपल्याला वाटेल. लेबनॉनमध्ये फ्रान्सची आणि सायप्रसमध्ये ब्रिटनची तुकडी मोठी आहे, तेवढे अपवाद करावे लागतील.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ४४ चा दाखला भारत वारंवार देतो. परिषदेवर नसलेल्या देशाकडून सैन्य मागायचे असेल, तर त्या सैन्याच्या वापराविषयीच्या निर्णयात त्याला सहभागी करून घ्यावे, असा त्या कलमाचा आशय आहे. २००१ च्या ठराव १३५३ मध्येही तुकड्या पाठवणाऱ्या देशांशी सल्लामसलत करण्याचे वचन आहे. भारत २०२१-२२ मध्ये परिषदेवर होता, तेव्हा शांतिसैनिकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा व्हावी यासाठी भारताच्या पुढाकाराने ठराव २५८९ झाला. ही मोलाची कमाई होती; पण ती परिषदेत खुर्ची असतानाची.

पैशाची बाजूही आपण जाणताच. प्रत्येक जवानामागे महिन्याला सुमारे १,४०० डॉलरची भरपाई मिळते आणि ती जवानाला नव्हे, सरकारला मिळते. मोठे वर्गणीदार देश थकले की ती रखडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर पैशाअभावी नऊ शांतता कार्यांतील सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस कमी करण्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. कार्यादेशातील कामे मात्र त्यामुळे कमी झाली नाहीत. मसुदा निळ्या शाईत येण्याआधी, म्हणजे शब्द बदलता येत असतानाच, तो तुकड्या पाठवणाऱ्या देशांपुढे ठेवला गेला, तर इतक्या माणसांत एवढे काम होणार नाही हे सांगणारा कुणीतरी त्या खोलीत असेल.