घर विकायची घाई करू नका, काका

प्रश्न : माझं वय ६९. पत्नी जाऊन दीड वर्ष झालं. मुलं दूर, आपापल्या संसारात. निवृत्तिवेतन ठरलेलं आहे, वाढत नाही. महिन्याचा खर्च भागून त्यातला चौथा हिस्सा उरतो. मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग म्हणजे राहतं घर, बाकीचं मुदत ठेवींत. घर विकून ज्येष्ठांच्या एका निवासात जावं असं मनात आहे. घराच्या किमतीच्या ९० टक्के अनामत भरावी लागेल, सोडताना त्यातली ४० टक्के परत मिळते. मासिक शुल्क निवृत्तिवेतनाच्या निम्मं आहे आणि ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतं. कार्यालयातल्या माझ्या एक जुन्या सहकारी तिथे राहतात, त्यांच्याशी चांगलं जमतं. दिवस कसाही जातो, पण संध्याकाळी पेपरात काही वाचलं की 'ऐकलंस का' म्हणायला कोणी नसतं. या वयात हे लिहायला संकोच वाटतो. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : काका, आधी तो संकोच सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि त्यात तरुण मुलंही भरपूर आहेत. सोबत हवीशी वाटणं ही गरज आहे. गरजेसाठी पैसा बाजूला काढायचाच असतो, म्हणून खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप घर विकण्याला आहे, तोही आत्ताच विकण्याला.

आकडे बघा. समजा, दोन वर्षांनी तुम्हाला तिथे करमेनासं झालं. अनामतीतली ४० टक्के परत मिळेल, म्हणजे घराच्या किमतीच्या ३६ टक्के. न भरलेले १० टक्के धरले तरी निम्म्याहून कमी रक्कम हाती राहते. तेवढ्यात पुन्हा तसं घर होणार नाही. दुसरी बाब शुल्काची. वर्षाला ८ टक्के वाढणारी रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. आज निवृत्तिवेतनाच्या निम्मं असलेलं शुल्क तुमच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सगळं निवृत्तिवेतन खाईल. मग औषधपाणी, कपडे, प्रवास हे सगळं ठेवींतून, आणि नेमकं त्याच वयात आजारपणं वाढलेली असतात.

आता पैशाच्या पलीकडचं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अनामत, शुल्क, टक्केवारी असं सगळं नीट मांडलंत आणि शेवटी, जाता जाता, त्या सहकारी बाईंचा उल्लेख केलात. मला वाटतं, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते. एकात माणसाला गोतावळा नसतो, दुसऱ्यात अगदी जवळचं एक माणूस नसतं. एक उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'ऐकलंस का' म्हणायला कोणी नसणं हा दुसरा प्रकार झाला. जेवणाच्या टेबलावर पन्नास माणसं असली तरी तो तसाच राहू शकतो. तुम्ही अनामत गोतावळ्यासाठी भरणार आहात, आणि आस आहे एका माणसाच्या सोबतीची.

त्या सोबतीला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेल्या अभ्यासात ओळखीचं रूपांतर जवळच्या मैत्रीत व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो असं दिसलं होतं. तो अभ्यास विद्यार्थ्यांचा आणि नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांचा होता, ज्येष्ठांचा नव्हे. तरी अंदाजाला उपयोगी आहे. रोज दोन तास धरले तर साडेतीन महिने होतात.

म्हणून माझा सल्ला असा. घराला कुलूप लावा आणि त्याच निवासात चार महिने पाहुणा म्हणून राहायची सोय आहे का विचारा. नसेल तर जवळपास एखादी खोली भाड्याने घ्या. खर्च दरमहा उरणाऱ्या चौथ्या हिश्शातून आणि कमी पडेल तो ठेवींच्या व्याजातून करा, मुद्दलाला हात नको. या काळात तिथला कंटाळवाणा मंगळवारही बघून घ्या. पाहुणा म्हणून एका दिवसासाठी जाणाऱ्याला तो दिसत नाही.

त्यानंतरही जावंसं वाटलं तर करारात या गोष्टी लेखी मागा : अनामत किती दिवसांत परत मिळणार, शुल्कवाढीला काही मर्यादा आहे का, अंथरुणाला खिळल्यावर तिथेच राहता येईल का, संस्था बुडाली तर अनामतीचं काय. आणि आणखी एक, जे विचारायला तुम्ही लाजाल : दोन रहिवाशांनी एकाच खोलीत राहायचं ठरवलं तर मोकळ्या झालेल्या खोलीची अनामत परत मिळते का?

तसं ठरलंच, तर दोघांच्या ठेवी एकत्र करू नका. घरखर्चासाठी एक सामायिक खातं उघडा, दोघांनी त्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकावी, बाकीचं ज्याचं त्याच्या नावावर. इच्छापत्र वकिलाकडून नव्याने करून घ्या, कारण लग्न करणं आणि नुसतं सोबत राहणं यांत वारसाहक्क वेगवेगळे ठरू शकतात. मुलांच्या कानावर हे आधीच घाला. त्यांची परवानगी मागायची गरज नाही. पण बाहेरून कळलं तर मुलांच्या मनात आधी संशय येतो, आणि तो बहुतेक वेळा त्या बाईंवर घेतला जातो. त्यांच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

चार महिन्यांनी पुन्हा लिहा. जायचं ठरलं असेल तर कराराची प्रत सोबत जोडा, मी ओळ न् ओळ वाचून कळवेन. आणि या आठवड्यात, काही वाचाल तेव्हा, त्यांना एक फोन करा.